मेंढरांनी राखलेला माळ



गेल्या महिन्यात बहिणीच्या गावी गेलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात बाज टाकून बसलो, तेव्हा भाच्याने विषय काढला. "मामा, हल्ली जो तो कृषी पर्यटन काढतोय. आपणही दोन खोल्या बांधाव्या म्हणतो. पण लोकांना दाखवायचं काय? समुद्र नाही, किल्ला नाही, धबधबा नाही. आपल्याकडं नुसता माळ, दगडं अन् मेंढरं."

मी म्हटले, "अरे, माळ, दगड आणि मेंढरे एवढ्याच भांडवलावर जगभरचे लोक ज्याला पाहायला येतात, असा एक मुलूख फ्रान्स देशात आहे. ऐकतोस का?" तो हो म्हणाला आणि गोष्ट सांगता सांगता मध्यरात्र झाली. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगावी म्हणतो.

आधीच कबूल करतो की मी स्वतः तिथे गेलेलो नाही. मेंढीपालनावर वाचताना या मुलखाची ओळख झाली आणि मग नादच लागला. नकाशा पुढ्यात घेऊन वर्षानुवर्षे वाचत आलो. तेव्हा ही सहल घरबसल्याची आहे. भाडे नाही, सामान बांधायचे नाही. गुरांना वैरण टाकून झाली असेल तर चला.

मुलूख कसा आहे?

फ्रान्सच्या दक्षिण भागात मासिफ सांत्राल नावाचा मोठा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या दक्षिणेच्या कडेला चार मोठी पठारे आहेत. अशा पठाराला तिकडचे लोक 'कोस' म्हणतात. आपल्या दोन मैलांच्या कोसाशी याचा काही संबंध नाही, पण नाव लक्षात ठेवायला सोपे. या चारांपैकी तीन पठारांवर आपण आज हिंडणार आहोत : मेजां कोस, काळा कोस आणि सर्वांत मोठे लार्झाक.

उंची साधारण सहाशे ते बाराशे मीटर. वर सपाट माळ, खुरटे गवत, जागोजाग पांढरट दगड. हिवाळ्यात बर्फ आणि बोचरा वारा, उन्हाळ्यात रखरखीत ऊन. वसंत ऋतूत मात्र, म्हणजे मे-जून महिन्यांत, माळावर चंदेरी केसाळ गवत वाऱ्यावर लहरते आणि नाना तऱ्हेची रानफुले येतात. पाहुण्याने जायचे ते याच दिवसांत.

आपला दख्खनचा दगड ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा, काळा. तिकडचा दगड चुन्याचा. पंधरा-वीस कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. शंख, शिंपले आणि चुन्याचा गाळ तळाशी बसून थरावर थर चढत गेले आणि त्यांचाच पुढे दगड झाला. या दगडाचा एक गुण आहे, तो ध्यानात घेतला म्हणजे पुढचे सगळे उलगडते. चुन्याचा दगड पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो. त्यामुळे पाणी भेगांतून खाली जाते, भेगा रुंद होतात आणि आणखी पाणी खाली जाते. पाऊस पडतो, पण माळावर ओढा नाही, नाला नाही. सगळे पाणी पोटात शिरते आणि शेकडो मीटर खाली दरीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते.

माळावर जिथे खोलगट जागा आहे तिथे तेवढी तांबडी माती साठते. अशा खळग्यांतून जव, ओट, लसूणघास घेतात. बाकी सारे रान मेंढरांचे.

दऱ्या, गुहा आणि दगडांचे गाव

सहलीची सुरुवात मीयो या गावापासून करायची. हे गाव तार्न नदीकाठी, दरीत वसलेले आहे. गावाच्या पश्चिमेला २००४ च्या डिसेंबरात वाहतुकीला खुला झालेला एक पूल आहे. लांबी २४६० मीटर, खांब सात. सर्वांत उंच खांबाचे वरचे टोक जमिनीपासून ३४३ मीटर उंच. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याहूनही जास्त. मिशेल व्हिर्लोजो या अभियंत्याने त्याची कल्पना मांडली आणि नॉर्मन फॉस्टर या वास्तुकाराने त्याला रूप दिले. पूल होण्यापूर्वी सुटीच्या दिवसांत मोटारी दरीत उतरून मीयो गावात तासन्‌तास अडकून पडत. आज त्या वरच्या वर लार्झाकच्या माळावर पोचतात.

पण आपण दरीतूनच जाऊ. तार्न नदीच्या काठाने वर गेले की दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात. चारशे-पाचशे मीटर उंच आणि असे पन्नासेक किलोमीटर. नदीत लोक होडीतून फिरतात. काठावरची जुनी गावे दगडी, घरांची छपरेसुद्धा दगडी फरश्यांची. लो रोझिये या गावाशी जोंत नावाची दुसरी नदी येऊन मिळते. तिथून एक वाट मेजां पठारावर चढते.

या पठारावर जमिनीत एक भोक होते. मेंढपाळांना ते ठाऊक होते, पण आत कोण उतरणार? १८९७ साली लो रोझिये गावच्या लुई आर्मां नावाच्या लोहारकाम करणाऱ्या माणसाने ते हेरले आणि गुहांचा अभ्यासक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल याला तिथे नेले. दोरशिडीने खाली उतरून पाहतात तो काय, जमिनीखाली एक प्रचंड दालन! शंभर मीटर लांब, पंचेचाळीस मीटर उंच आणि त्यात चुन्याच्या पाण्याच्या थेंबाथेंबाने वाढलेले चारशेहून अधिक खांब. सर्वांत उंच खांब तीस मीटरांचा. जणू दगडाची राई. १९२७ पासून ही गुहा लोकांना पाहायला खुली आहे. आता रुळावरच्या गाडीतून आत नेतात. गुहेला नाव मात्र त्या लोहारकाम करणाऱ्या आर्मांचेच दिले आहे. मला हे फार आवडले.

पलीकडे काळ्या कोसावर पाण्याने आणि हवेने झिजून उभे राहिलेले अजस्र खडक आहेत. काही कमानीसारखे, काही बुरुजासारखे, मधून गल्ल्या गेल्यासारख्या वाटा. लांबून पाहणाऱ्या मेंढपाळांना हे एखादे उद्ध्वस्त शहर वाटले, असे सांगतात. म्हणून त्यांनी त्याला 'जुने माँपेलिये' म्हटले. माँपेलिये हे दक्षिणेकडचे मोठे शहर. विनोद म्हणा की भाबडेपणा म्हणा, नाव आजतागायत टिकले आहे.

गिधाडे परत आली

जोंत नदीच्या दरीत लोक मान वर करून उभे असतात. दुर्बिणी लावून काय पाहतात, तर गिधाडे! होय, गिधाडे.

एके काळी इथे गिधाडे पुष्कळ होती. लोकांनी बंदुकीने मारली, लांडग्या-कोल्ह्यांसाठी टाकलेल्या विषाने मेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दऱ्यांतून नाहीशी झाली. मग पक्षीप्रेमींनी आणि सरकारी उद्यानाच्या लोकांनी पिंजऱ्यांत गिधाडे वाढवली आणि १९८१ च्या डिसेंबरात पहिली गिधाडे मोकळी सोडली. आज तिथे शेकडो जोड्या कड्यांवर घरटी करतात. पाहुण्यांसाठी दरीतच गिधाडांचे माहितीघर आहे.

यात मेंढपाळाचा फायदा काय? मेलेली मेंढी गाडीवाल्या कंपनीला नेऊन द्यायची, असा तिकडचा कायदा. या भागात मात्र परवानगी घेऊन ठरलेल्या जागी मढे ठेवता येते. गिधाडे थोड्या वेळात हाडे तेवढी शिल्लक ठेवतात. गाडी नाही, जाळणे नाही, दुर्गंधी नाही. सगळे गोड आहे असे नाही. गिधाडे अडलेल्या मेंढीवर किंवा नवजात कोकरावर उतरतात, अशी काही पशुपालकांची तक्रार असते आणि त्यावर वाद चालतात.

इथे क्षणभर आपल्याकडे वळतो. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी लहानपणी गावाबाहेर गिधाडांचे थवे पाहिले असतील. ती कुठे गेली? जनावरांच्या दुखण्यावर देत असलेले डायक्लोफिनॅक हे औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर १९९० नंतरच्या पंधराएक वर्षांत शंभरात एकही उरले नाही. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. तेव्हा माणसांसाठीची कुपी आणून जनावराला टोचू नका. पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमची चौकशी करा. त्याने गिधाडांना अपाय होत नाही. गेलेला पक्षी परत येऊ शकतो, हे जोंतच्या दरीने दाखवून दिले आहे.

बुरशीचे मोल

आता माझ्या भगिनींसाठी. मीयोच्या नैऋत्येला पंचवीसेक किलोमीटरांवर रोकफोर नावाचे लहानसे गाव आहे. त्याचे चीज जगात प्रसिद्ध आहे. मेंढीच्या कच्च्या दुधाचे, आत निळ्या-हिरव्या बुरशीच्या रेघा असलेले.

बुरशी म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल! पण ऐका तर. गावामागे कोंबालू नावाचा डोंगर आहे. फार पूर्वी त्याचा कडा ढासळला आणि आत खडकांच्या ढिगात गुहा आणि लांबच लांब फटी राहिल्या. या फटींतून बारमाही गार, दमट वारा वाहतो. गुहेतली हवा साधारण आठ ते बारा अंशांवर राहते. ना विजेचे यंत्र, ना बर्फ. अशा हवेत ही विशिष्ट बुरशी छान वाढते. पूर्वी राईच्या पिठाचे पाव मुद्दाम गुहेत ठेवून बुरसू देत, मग वाळवून त्यांची पूड करीत. ती पूड दुधात मिसळायची, विरजणाने दूध गोठवायचे, चोथा साच्यात भरायचा, पाणी निथळू द्यायचे, मीठ चोळायचे आणि सुयांनी भोके पाडायची म्हणजे आत हवा खेळते. मग गुहेतल्या फळ्यांवर मांडून ठेवायचे. तयार व्हायला निदान नव्वद दिवस. अडीच-पावणेतीन किलोच्या एका चकतीला सुमारे बारा लिटर दूध लागते. अशी एक लोककथा सांगतात की एक मेंढपाळ एका मुलीच्या मागे धावला आणि शिदोरीतला पाव आणि चोथा गुहेतच विसरला. परत आला तेव्हा चीज तयार! गोष्ट खरी-खोटी कशीही असो, गुहा खरी आहे.

आणि कायदा त्याहून खरा आहे. १४११ साली फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्स राजाने हे चीज पिकवण्याचा हक्क या गावाला लिहून दिला. १९२५ साली फ्रान्सच्या संसदेने कायदा केला की रोकफोर हे नाव कोणी वाटेल तिथे वापरायचे नाही. चीजला असे कायद्याचे संरक्षण मिळाल्याचे ते पहिलेच उदाहरण. दूध लाकोन जातीच्या मेंढीचेच हवे आणि चीज याच गुहांत पिकायला हवे. आपल्याकडे नाशिकची द्राक्षे, सोलापूरचे डाळिंब, जळगावची केळी यांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्या विचाराचा हा जुना पूर्वज म्हणा.

पाहुणे गुहेत जातात, थंडी वाजून बाहेर येतात आणि चकती विकत घेऊन जातात. कोकरांच्या मऊ कातड्यापासून मीयोत हातमोजे शिवण्याचा धंदा वाढला, तोही या मेंढ्यांच्याच जिवावर. दूध, चीज, कातडे, लोकर, खत, गिधाडांचे भक्ष्य. एका मेंढीवर किती लोकांचे पोट चालते पाहा.

पाण्याची कमाई

आता शेवटचा टप्पा, लार्झाकचा माळ. ओढा नाही, विहीर लागत नाही, मग हजारो मेंढ्यांना पाणी कुठून? जुन्या लोकांनी माळावरच्या खोलगट जागा शोधल्या, तळाला चिकणमाती चोपली आणि वर दगडी फरसबंदी केली. ताटासारखे गोल, उथळ तळे. भोवतालचे पावसाचे पाणी त्यात उतरते आणि मेंढ्या चारी बाजूंनी आत उतरून पाणी पितात. फरसबंदीमुळे खुरांनी चिकणमाती उखडत नाही. या तळ्याला ते 'लावोन्य' म्हणतात. घरेही तशीच बांधलेली. खाली मेंढरे, वर माणसे आणि छपरावरचे सगळे पाणी पन्हळीने हौदात. शेततळे आणि छपरावरचे पाणी साठवणे, या आपण आज सांगत असलेल्या दोन्ही गोष्टी तिथे केव्हाच्याच रुळलेल्या आहेत.

असे एक सुरेख तळे ला कुव्हेर्तुआराद या गावाच्या वेशीबाहेर आहे. बाराव्या शतकात टेम्प्लर नावाच्या लढवय्या ख्रिस्ती पंथाने तिथे गढी बांधली. पॅलेस्टाइनच्या युद्धांसाठी लागणारे घोडे, धान्य, लोकर ते या माळावरून मिळवीत. १३१२ साली तो पंथ मोडला गेला आणि गाव हॉस्पिटलर या दुसऱ्या पंथाकडे आले. त्यांनी १४३९ पासून गावाभोवती तट आणि बुरूज बांधले. ते आजही उभे आहेत. गावातल्या दारांवर एक मोठे वाळलेले काटेरी फूल खिळ्याने ठोकलेले दिसेल. त्याला कार्दाबेल म्हणतात. हवा कोरडी असली की ते उमलते, दमट झाली की मिटते. मेंढपाळाचे हवामान खाते दाराच्या चौकटीवरच! आता ते फूल रानातून वाटेल तसे तोडता येत नाही, पाहुण्यांनीही नुसते पाहायचे.

ज्याला सरकारने रिकामे रान म्हटले

इथवर पाहिले ते डोळ्यांना दिसणारे. आता जे सहज दिसत नाही ते सांगतो.

लार्झाकवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लष्कराची छावणी होती, सुमारे तीन हजार हेक्टरांची. १९७१ च्या ऑक्टोबरात सरकारने जाहीर केले की ती सतरा हजार हेक्टरांपर्यंत वाढवायची. राजधानीतल्या लोकांना वाटले, दगडाचा माळ, चार मेंढपाळ, कोण विरोध करणार?

१९७२ च्या मार्चमध्ये लान्झा देल व्हास्तो नावाचा एक वृद्ध माणूस लार्झाकवर येऊन पंधरा दिवसांच्या उपोषणाला बसला. हा मूळचा इटलीचा. १९३७ साली तो आपल्या वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिला होता. गांधीजींनी त्याला शांतिदास हे नाव दिले. १९५४ साली तो पुन्हा आला आणि विनोबांच्या भूदान यात्रेत चालला. वर्ध्याला घेतलेला धडा त्याने पस्तीस वर्षांनी त्या माळावर पेरला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला १०३ शेतकऱ्यांनी शपथेवर सही केली की आपण कोणीही जमीन विकणार नाही.

आणि मग दहा वर्षे हा लढा चालला. हात उगारायचा नाही, जमीन सोडायची नाही. १९७२ च्या ऑक्टोबरात त्यांनी साठ मेंढ्या थेट पॅरिसला आयफेल मनोऱ्याखाली नेऊन चारल्या. १९७३ च्या जानेवारीत ट्रॅक्टर घेऊन पॅरिसकडे निघाले, वाटेत अडवले तर उरलेली वाट पायी गेले. त्याच साली ला ब्लाकिएर या वस्तीत परवानगी नसताना मोठा दगडी मेंढवाडा बांधायला घेतला. देशोदेशींची तरुण मुले दगड वाहायला आली. १९७८ साली शेतकरी पुन्हा पॅरिसपर्यंत चालत गेले, सुमारे सातशे किलोमीटर. शेवटी १९८१ च्या जूनमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या सरकारने छावणी वाढवण्याचा बेत रद्द केला. शांतिदास त्याच वर्षी जानेवारीत वारले. त्यांना हा दिवस पाहायला मिळाला नाही.

पुढचे तर आणखी शिकण्यासारखे आहे. सरकारने त्या दहा वर्षांत विकत घेतलेली सुमारे ६३०० हेक्टर जमीन १९८५ साली शेतकऱ्यांच्याच एका संस्थेला साठ वर्षांच्या करारावर दिली. २०१३ साली तो करार २०८३ पर्यंत वाढवला. ही जमीन कोणा एका शेतकऱ्याच्या मालकीची नाही. जो कसतो त्याने निवृत्त होईपर्यंत कसायची, मग घर आणि रान दुसऱ्या तरुण कुटुंबाकडे जाते. विकता येत नाही, पडून ठेवता येत नाही. जुनी छावणी तिच्या जागी आहे आणि मेंढ्या त्यांच्या जागी. ला ब्लाकिएरचा मेंढवाडाही उभा आहे.

माझी चूक

हे वाचताना मला दर वेळी माझी एक चूक आठवते. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका गावच्या जमिनीचे निरीक्षण करायचे काम माझ्याकडे आले. गावाच्या वरच्या अंगाला दोनेकशे एकर माळ होता. मी कागदावर लिहिले, 'पडीक, उपयोग नाही.' जवळच एक धनगरबाबा घोंगडे पांघरून उभे होते. त्यांनी विचारले, "सायब, काय लिवलं?" मी सांगितले. बाबा म्हणाले, "मंग आमची मेंढरं आजवर काय दगडं खात हुती व्हय?"

मी हसून वेळ मारून नेली. कागद वर गेला. पुढे त्या माळावर चर खणून झाडे लावली, मेंढरांची वाट बंद झाली. झाडे काही धड जगली नाहीत. आणि ज्या शेतकऱ्यांच्या रानात दरवर्षी मेंढरे बसत, त्यांना त्या सालापासून खत विकत आणावे लागले. लेंडी खतावर पोसलेली ती राने हलकी झाली. माझ्या एका शब्दाचे मोल गावाने भरले. बाबा आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागायची राहून गेली, म्हणून इथे लिहिले.

माळ कोणी राखला?

२०११ साली युनेस्कोने या पठारांना आणि शेजारच्या सेव्हेन डोंगरांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. मान कशासाठी? राजवाड्यासाठी नव्हे, देवळासाठीही नव्हे. शेती आणि मेंढपाळी यांनी मिळून घडवलेला मुलूख म्हणून. गवत, तळी, बांध, मेंढवाडे, जुन्या चराईच्या वाटा, हाच तो वारसा.

कारण असे की मेंढी चरायची थांबली तर पाचदहा वर्षांत झुडपे वाढतात, मग पाइनची झाडे येतात आणि तो मोकळा माळ, ते चंदेरी गवत, ती रानफुले सगळे झाकले जाते. मग पाहुणा काय पाहायला येईल? जे नैसर्गिक म्हणून लोक पाहतात, ते मेंढराच्या तोंडाने आणि मेंढपाळाच्या काठीने राखलेले आहे.

अडचणी तिथेही आहेतच. लांडगा पुन्हा आला आहे आणि कळपांवर हल्ले होतात. उन्हाळे कडक होत चालले आहेत, चारा कमी पडतो. जुनी घरे शहरातले लोक सुटीसाठी विकत घेतात, तेव्हा तरुण शेतकऱ्याला घर परवडत नाही. पाहुणा फार झाला तर यजमानच उरत नाही, हेही विसरता कामा नये.

तेव्हा ज्यांच्या मनात कृषी पर्यटन आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. राज्य सरकारचे २०२० पासूनचे धोरण आहे, नोंदणी होते, त्याची चौकशी तालुक्याला जरूर करा. पण त्याआधी :

पहिली, वही घेऊन आपल्याच शिवारात दोन दिवस फिरा. जुनी बारव, वापरातून गेलेला पाणवठा, दगडी बांध, मेंढरांची वाट, पावसाळ्यात उगवणारी रानभाजी, सगळे लिहून काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, त्यांना नावे ठाऊक असतात.

दुसरी, आधी शेती, मग पाहुणा. रोकफोरला लोक जातात कारण तिथे खरोखर चीज पिकते. दाखवण्यापुरती बैलगाडी आणि दाखवण्यापुरती चूल फार दिवस चालत नाही.

तिसरी, गायरानाला, माळाला पडीक म्हणण्याआधी तिथे कोण चरते, कोण पाणी पिते, कोणते औषध उगवते, हे विचारा. ग्रामसभेत विषय निघाला तर गप्प बसू नका. मी एकदा न विचारता लिहून मोकळा झालो, त्याचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

त्या रात्री गोष्ट संपली तेव्हा भाचा बराच वेळ बोलला नाही. मला वाटले झोप लागली. मग म्हणाला, "मामा, खोल्यांचं पुढच्या साली बघू. वरच्या माळावर आजोबांनी बांधलेलं दगडी टाकं गाळानं भरलंय. आधी ते उपसतो. पावसाच्या आत झालं तर मेंढरंवाल्यांना सांगावा धाडतो."

मला एवढे पुरेसे होते. तुमच्या शिवारात असे एखादे बुजलेले टाके, तळे किंवा विसरलेली वाट असेल तर पत्राने अवश्य कळवा. निवडक पत्रांवर याच सदरात बोलू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी